आंबागडच्या सहा बाटल्या

भंडारा जिल्ह्यातली पवनी सोडून पुण्याला नोकरीला गेले तेव्हा माझ्या बोलीची तिथे भरपूर थट्टा झाली. 'मले' आणि 'तुले' मी पहिल्या महिन्यातच गिळून टाकलं, पण एक शब्द काही केल्या जाईना. एखादं सॉफ्टवेअर बंद पडलं की आजूबाजूचे सगळे "आता काय करायचं?" म्हणून धावत सुटायचे आणि माझ्या तोंडून निघायचं, "पण काहून?" काहून म्हणजे का. आधी लोक हसले. मग त्यांनाही सवय लागली, आणि पुढे कुठलाही बिघाड निस्तरल्यावर आम्ही जी बैठक घ्यायचो तिचं नावच 'काहून मीटिंग' पडलं. कोल्हापूरची मुलंसुद्धा गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "मॅडम, काहून कधी आहे?"

सगळी नोकरी मी हेच केलं. माझा नवरा पाहुण्यांना सांगतो की ही कम्प्युटर दुरुस्त करते, आणि मग पाहुणे आपला प्रिंटर घेऊन येतात. प्रिंटरमधलं मला काही कळत नाही. माझं काम वेगळं. आजकालचं कुठलंही मोठं सॉफ्टवेअर एका यंत्रावर चालत नाही. दहा ठिकाणची यंत्रं काम वाटून घेतात, एकमेकांना निरोप पाठवतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळं एकच असल्यासारखं दिसतं. लग्नघरात नाही का, गल्लीतली चार घरं कामं वाटून घेतात? सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर वाहवा. पण ऐन पंगतीला मीठच नाही असं निघालं, तर चौघीही शपथेवर सांगतात की माझं काम मी केलं होतं, आणि चौघीही खरं बोलत असतात. मग मीठ गेलं कुठे? ते शोधायचं, हा माझा धंदा.

या धंद्यानं मला थक्क व्हायला शिकवलं. एक साधी गोष्ट सांगते. लाखनीजवळच्या एका भातगिरणीला ट्रक बोलावण्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. एक दिवस गिरणीमालकांचा फोन आला. "मॅडम, पोते एका ट्रकचे अना दारात ट्रक दोन! दोघं बी ड्रायव्हर भांडून राहिले. मी कोणाले जेवू घालू?" झालं असं होतं की त्यांच्या यंत्रानं निरोप पाठवला, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा पाठवला. निरोप पहिल्यांदाच पोचला होता. हरवलं होतं ते उत्तर. पाठवणाऱ्याला हे कळणार कसं? उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असाही होतो, आणि काम झालं पण निरोप्या वाटेत अडला असाही होतो. या टोकाला बसून दोन्हींतला फरक ओळखता येतच नाही. जगातली हुशार माणसं यावर डोकं फोडून बसलीत आणि तो फरक पुसता येत नाही हेच त्यांनी सिद्ध केलंय. हे मला पहिल्यांदा नीट समजलं त्या दिवशी मी जेवायची विसरले होते. गिरणीमालकांनी मात्र दोन्ही ड्रायव्हरना जेवू घातलं आणि आमच्या नावानं बोटं मोडली.

पण मला सांगायची आहे ती आंबागडची गोष्ट.

नोकरीची शेवटची काही वर्षं कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी भंडाऱ्याला परत आले. इथल्या एका सेवाभावी संस्थेचे लहान दवाखाने आहेत: एक लाखनीला, एक पवनीला, एक आंबागडला. औषधांचा मुख्य साठा भंडाऱ्याच्या कार्यालयात असतो आणि एक गाडी तो फिरवत राहते. कुठल्या फ्रिजमध्ये काय शिल्लक आहे हे सगळ्यांना सगळीकडे दिसावं म्हणून संस्थेनं आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते लिहिणारी मंडळी दुसरी. माझ्याकडे देखभाल आली, कारण मी जवळ राहत होते.

आंबागड किल्ल्याच्या पायथ्याला. तिथे मोबाइलला रेंज असते असं कोणी म्हणालं तर तो माणूस तिथे गेलेला नाही एवढं समजावं. त्यामुळे प्रत्येक दवाखान्याच्या टॅबमध्ये आणि गाडीच्या ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये साठ्याची आपापली प्रत असायची. रेंज नसली तरी नोंद करता यायची, आणि रेंज आली की सगळ्या प्रती एकमेकींशी जुळवून घेतल्या जायच्या.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. भाताच्या बांधीत वाकून काम करणाऱ्या एका बाईला साप चावला. घरच्यांनी भंडाऱ्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या माणसानं पडद्यावर पाहिलं: आंबागडच्या फ्रिजमध्ये सापाच्या इंजेक्शनच्या आठ बाटल्या. "आंबागडलाच न्या, जवळ आहे," असं त्यानं सांगितलं. नेलं. फ्रिजमध्ये दोनच निघाल्या. सिस्टरनं त्या दोन देऊन सुरुवात केली आणि बाईला तुमसरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. बाई वाचली. आठवडाभरात आपल्या पायांनी चालत घरी आली, हे आधीच सांगून टाकते.

वाचली नव्हती ती सिस्टर. वंदना सिस्टर तुमसरला राहायची आणि रोज एसटीनं आंबागडला यायची. जंगलातल्या कामावरून काटे घेऊन आलेल्या मजुरांपासून बाळंतिणींपर्यंत सगळं गाव तिच्याच हातचं. आता त्याच गावात, सहा बाटल्या तिनं बाहेर दिल्या अशी कुजबुज सुरू झाली. तिचं म्हणणं साधं होतं. सोमवारी तिनं मोजल्या तेव्हा आठ होत्या. तशी नोंद केली. थोड्याच वेळात गाडी आली. लाखनीला इंजेक्शन कमी पडत होतं म्हणून ड्रायव्हर गजूभाऊ सहा घेऊन गेले. उरल्या दोन. गजूभाऊ म्हणाले, खरं आहे, मी नेल्या. पण कम्प्युटरमध्ये नेल्याची नोंदच नव्हती. लाखनीला विचारलं, तर त्या दिवशी गाडीतून भंडाऱ्याच्या साठ्यातल्या बाटल्याही गेल्या होत्या. सगळ्या एकाच खोक्यात, दारात रुग्ण वाट पाहत असलेले, मोजायच्या आधीच वापरल्या गेल्या. मग लोकांनी आणखी एक पायरी चढून ठरवलं की सिस्टर आणि ड्रायव्हर दोघं सामील आहेत. संस्थेची बैठक चार दिवसांवर होती. तीत तिला काढून टाकायचं जवळपास ठरलंच होतं.

संस्थेचे सचिव सज्जन गृहस्थ. त्यांनी मला बोलावलं ते केवळ एका ओळीसाठी: सॉफ्टवेअर नीट चालतंय असं लिहून द्या.

"मॅडम, माणूस खोटं बोलू शकते, कम्प्युटर नाही बोलत," ते म्हणाले.

"खरंय सर," मी म्हणाले. "पण माणसं खोटं बोलतात असं धरून चालले तर मला शोधायला काही उरतच नाही. दोन दिवस द्या."

मी आधी गजूभाऊंना गाठलं. ते गाडी पुसत होते आणि रागानं जरा जास्तच जोरात पुसत होते. "मी सहा नेल्या, मोबाइलात टाकलं बी. उरल्या दोन, असंच टाकलं. हिरवी खूण आली होती जी! आता ते कुठी गेलं, मले का माहीत?" त्यांचा मोबाइल घेऊन पाहिला. आंबागड: आठ. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये, त्यांच्या स्वतःच्या हातानं केलेल्या नोंदीचा मागमूस नाही. मला गजूभाऊंवर शंका आली नाही. यंत्राची भीती वाटली.

भंडाऱ्याला बसून मी यंत्रांनी ठेवलेल्या सगळ्या नोंदी वाचल्या. कुठे अडखळणं नाही, कुठे चुकीचा निरोप नाही. सगळी यंत्रं एकमेकांशी अगदी सहमत होती. माझ्या धंद्यात याची धास्ती घ्यावी. ओरडणारी चूक परवडते, कारण ती निदान आपला पत्ता सांगते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आंबागडला गेले.

वंदना सिस्टरनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याकडे न पाहता पट्ट्या गुंडाळत बसली. मी म्हणाले, "सिस्टर, मी चौकशीला नाही आले."

"या नं जी, चौकशी बी करा," ती म्हणाली. "कोणी केलीच नाई. साहेब आले, सहा कमी आहेत म्हणे, लिहून द्या. अरे, मले इचाराल तं! सिस्टर, का झालं, असं एकानंही इचारलं नाई. कम्प्युटरले इचारलं, मले नाई."

मी टॅब तपासायला घेतला. दुपारभर नोंदी करून पाहिल्या. सगळं बरोबर. एकदा बाहेर जाऊन तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, जिथे कशीबशी रेंज लागते तिथे, टॅब घेऊन उभी राहिले. तरी सगळं बरोबर. उन्हं कलायला लागली. आजचा दिवस फुकट गेला, असं मनात म्हणत मी पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात सिस्टर लगबगीनं उठली.

"मॅडम, चला. बसचा टाइम झाला."

मी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "अजून पुष्कळ वेळ आहे की."

"मोबाइलचं नका पाहू. हे पाहा नं," तिनं टॅबकडे बोट दाखवलं. टॅबवर खरोखरच बसची वेळ झाली होती. मग माझा चेहरा पाहून ती जराशी हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. "तो पुढंच रायते जी. भिंतीवरची घडी बंद पडली तवापासून आमची घडी हाच. मीच पुढं करून ठेवला. शेवटची एसटी आहे, थांबत नाई ते. घडी पुढं असली का बस चुकत नाई."

आता यात नवल ते काय? आपल्याकडे घड्याळ पुढे ठेवत नाही असं घर दाखवा. आमच्या पवनीच्या घरातलं घड्याळ पुढे होतं, माझ्या सासरचंही होतं, आणि किती पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायचं. पाहायचं, मनातल्या मनात वजा करायचं, आणि तरीही घाई करायची. आपण स्वतःलाच रोज फसवतो आणि रोज वेळेवर पोचतो. ही इतकी सवयीची गोष्ट की दुपारभर तो टॅब माझ्या मांडीवर होता, कोपऱ्यातली वेळ माझ्या नजरेखालून पन्नासदा गेली असेल, आणि मला ती दिसली नाही.

पण यंत्राला वजा करायला कोणी शिकवलं होतं?

मी पिशवी पुन्हा खाली ठेवली. प्रती जुळवताना एकाच फ्रिजबद्दल दोन वेगळे आकडे समोर आले तर खरा कोणता मानायचा? सॉफ्टवेअरचा नियम होता: ज्यावर नंतरची वेळ तो खरा. ऐकायला किती रास्त वाटतं! सोमवारी सिस्टरनं आठ लिहिले, तेव्हा टॅबनं त्यावर पुढची वेळ मारली. तिच्यानंतर गजूभाऊंनी दोन लिहिले, त्यांच्या मोबाइलची वेळ बरोबर होती. रेंज आल्यावर यंत्रांनी दोन्ही वेळा पाहिल्या आणि सिस्टरची नोंद नंतरची ठरवली. दोन पुसले, आठ ठेवले. गजूभाऊंच्या मोबाइललाही तेच शिकवलं. घडून गेलेली गोष्ट अजून न घडलेल्या वेळेत जाऊन बसली होती, आणि तिच्यापुढे खरी गोष्ट हरली होती.

"सिस्टर," मी म्हणाले, "आजची बस सोडा. मी गाडीनं सोडते तुम्हाला."

माझ्या धंद्याचा एक नियम आहे. चूक पुन्हा घडवून दाखवता आली तरच ती सापडली म्हणायची. आम्ही फ्रिजमधल्या दुसऱ्याच एका औषधाची नोंद टॅबवर केली. देखभालीसाठी साठ्याची एक प्रत माझ्याही मोबाइलमध्ये होती; मग मी त्यावरून त्याच औषधाचा वेगळा आकडा टाकला, नोंद झाल्याची हिरवी खूण आली. दोघी पाळीवर गेलो. क्षणभर दोन आकडे दोन हातांत होते. मग रेंज लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा आकडा तिच्या आकड्यात विरघळून गेला. कसला आवाज नाही, कसला इशारा नाही. सिस्टर पडद्याकडे बघत राहिली. "मंग हेच झालं का जी?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे मीच केलं का?"

गाडीतून तुमसरला जाताना मला पुढे काय होणार ते स्पष्ट दिसत होतं.

तसंच झालं. सचिवांना मी सगळं समजावलं, मोबाइल आणि टॅब शेजारी ठेवून दाखवलं. ते चकित झाले, चोरीचा संशय गेला म्हणून खरंच आनंदले, आणि मग म्हणाले, "म्हणजे मूळ कारण सापडलं. सिस्टरनं घड्याळ फिरवलं. संस्थेच्या यंत्रात ढवळाढवळ. चोरी नाही, पण चूक तिचीच." अहवालात मूळ कारणासाठी एक ओळ असते. त्या ओळीत तिचं नाव गेलं असतं तर तिची नोकरी त्याच बैठकीत गेली असती, फक्त वेगळ्या शब्दांत.

मी पुण्यात शिकले नाही ते पवनीहून नेलं होतं. मी म्हणाले, "सर, काहून?"

ते गोंधळले. "काय काहून?"

"नोंद पुसली गेली. काहून? कारण टॅबची वेळ पुढे होती. इथे थांबलो तर सिस्टर सापडते. पण एका टॅबच्या घड्याळानं दुसऱ्याची खरी नोंद पुसली जाते, ती काहून? कारण आमच्या सॉफ्टवेअरनं घड्याळांवर विश्वास ठेवला. तो काहून ठेवला? कारण लिहिणाऱ्यांना वाटलं, सगळ्या जगात एकच 'आत्ता' असतं. सर, तसं ते नसतंच. सिस्टरनं हात लावला नसता तरी टॅबचं घड्याळ आपलं आपण मागेपुढे सरकतं. प्रत्येक यंत्राचं घड्याळ सरकतं. आंबागडचं 'आत्ता' आणि भंडाऱ्याचं 'आत्ता' ही दोन वेगळी आहेत, आणि दोन्ही एकत्र पाहू शकेल असं यंत्र कुठेच नाही."

हे बोलताना मलाच ते पुन्हा नव्यानं जाणवलं. इतकी वर्षं या कामात घालवून हे सत्य मला पुस्तकात माहीत होतं. त्या दिवशी ते एका बाईच्या पोटावर येऊन उभं होतं. माझ्या अनुभवानं सांगते, काहून विचारत विचारत आपण एखाद्या माणसापाशी येऊन थांबलो, तर समजावं की लवकर थांबलो. मी अहवालात लिहिलं: नोंदींचा क्रम ठरवण्यासाठी घड्याळाचा आधार घेणे, हे मूळ कारण. सचिवांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. बैठकीत वंदना सिस्टरचा विषय निघालाच नाही.

एक बोच मात्र राहिली. पुसल्या गेलेल्या नोंदी ते सॉफ्टवेअर कुठेच ठेवत नव्हतं. अशा किती नोंदी आधी गेल्या असतील, कोणाकोणाचं खरं बोलणं खोटं ठरलं असेल, ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

दुरुस्ती करायला पुण्याच्या मुलांना थोडे दिवस लागले. नव्या पद्धतीत यंत्र वेळ पाहत नाही. प्रत्येक नोंद सोबत सांगते की मला लिहिलं तेव्हा या या नोंदी माहीत होत्या. एका नोंदीला दुसरी माहीत असेल तर ती नंतरची, हे उघड आहे. तिथे घड्याळाची गरजच नाही. आणि दोघींना एकमेकींची खबरच नसेल, तर कोण आधी आणि कोण नंतर हा प्रश्न यंत्रानं सोडवायचा नाही. दोन्ही जपून ठेवायच्या आणि ज्याच्या समोर फ्रिज आहे त्या माणसाकडे जायचं. किती साधं, आणि किती नम्र! यंत्रानं 'मला माहीत नाही' म्हणायला शिकणं याहून मोठी हुशारी मी या धंद्यात पाहिली नाही.

पहिल्या चाचणीला मी मुद्दाम आंबागडला गेले. सोमवार होता. टॅबचं घड्याळ पुढेच होतं. मीच सांगितलं होतं, राहू द्या. सिस्टरनं बाटल्या मोजल्या, आठ लिहिले. गजूभाऊ आले, सहा काढून घेतल्या, त्यांच्या मोबाइलवर दोन लिहिले. मग गजूभाऊ स्वतःच दोन्ही यंत्रं घेऊन तलावाच्या पाळीवर गेले आणि परत येऊन टॅब सिस्टरच्या पुढ्यात ठेवला.

पडद्यावर लिहिलं होतं: या फ्रिजबद्दल दोन नोंदी जुळत नाहीत. आठ की दोन? खरं काय ते कृपया सांगा.

सिस्टरनं ते वाचलं. मग पुन्हा, ओठ हलवत, वाचलं. माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मले इचारून राहिला जी हा," ती म्हणाली.

उत्तर तिला ठाऊक होतं, बाटल्या आताच तिच्या समोर गेल्या होत्या. तरी तिनं लगेच बोट लावलं नाही. उठली, हात धुऊन पदराला पुसले, फ्रिज उघडला, आतल्या बाटल्या एकेक हातात घेऊन मोजल्या, फ्रिज बंद केला. आणि मग येऊन टॅबला सांगितलं, दोन.